पहारा आणि प्रश्नपत्रिका



वसंत व्याख्यानमालेत परीक्षेतल्या कॉपीवर काय बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ते स्वतः 1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिलीवहिली मॅट्रिक पास झालेले. त्यामुळे विषय काही परका नाही. शिवाय मे महिना निकालांचा. डोंबिवलीत चौकाचौकांत ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ सांगणारे फ्लेक्स लागलेले आपण रोज पाहतो.

आपल्याकडे कॉपी रोखायची म्हटलं की पहिला विचार येतो तो पहाऱ्याचा. दहावी-बारावीच्या केंद्रावरचा बंदोबस्त बघा. प्रश्नपत्रिका सांभाळणाऱ्या परिरक्षकाकडून रनर सीलबंद पाकिटं आणतो. वर्गात दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन पाकीट फोडलं जातं. साधारण पंचवीस मुलांमागे एक पर्यवेक्षक. बैठे पथक, भरारी पथक, आता कॅमेरे आणि ड्रोनसुद्धा. पूर्वी मुलांना वाचायला म्हणून प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी मिळायची. ती मोबाइलवर फिरू लागली, तेव्हा 2023 पासून राज्य परीक्षा मंडळाने ती दहा मिनिटं पुढून काढून शेवटी जोडली. भिवंडीच्या परिसरात मार्च 2019 मध्ये दहावीचा पेपर मोबाइलवर आल्याचं प्रकरण गाजलं होतं, ते आपल्यापासून काही फार लांब नाही.

हा बंदोबस्त निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. 2010 च्या सुमारास नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम निघाली. महसूल, पोलीस, शिक्षण असे सगळे विभाग कामाला लागले आणि जिल्ह्याचा निकाल धाडकन खाली आला. पुढे या मोहिमेला ‘नांदेड पॅटर्न’ म्हणू लागले. पण त्या निकालाकडे नीट पाहा. एवढा निकाल खाली येतो, तेव्हा वर्षानुवर्षं तो कुणीतरी वर धरून ठेवलेला असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हातांत एवढं बळ नसतं.

मंडळालाही हे ठाऊक आहे. 2025 च्या परीक्षेसाठी मंडळाने काय केलं? 2018, 2019, 2020, 2023 आणि 2024 या पाच परीक्षांत जिथे गैरप्रकार आढळले, त्या केंद्रांवर केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांचे नेमायचं ठरवलं. म्हणजे मुलं तीच, बाकंही तीच, बदलली ती मोठी माणसं.

गांधीजींनी आत्मकथेत लहानपणीची एक हकीकत सांगितली आहे. राजकोटच्या शाळेत जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला घातले. त्यांतला ‘केटल’ हा शब्द मोहनदासने चुकवला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खुणावलं की शेजाऱ्याच्या पाटीवर बघ. मुलाच्या डोक्यात ते शिरलंच नाही, कारण मास्तर उभे आहेत ते कुणी बघून लिहू नये म्हणून, अशी त्याची समजूत. बाकी सगळ्यांचे पाचही शब्द बरोबर आले आणि हा एकटा मूर्ख ठरला. या गोष्टीतून आपण गांधीजींचा प्रामाणिकपणा तेवढा उचलतो. मला त्यातले मास्तर जास्त महत्त्वाचे वाटतात. ते दुष्ट नव्हते. साहेबांसमोर शाळेची लाज राखायची होती, इतकंच. तोच दबाव आज फ्लेक्सच्या रूपाने चौकात उभा आहे.

आता आकड्यांकडे वळू. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले, तोंडी-अंतर्गत परीक्षेचे 20 गुण काढून घेतले, तेव्हा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत दिले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. 2019 ला अभ्यासक्रम नवा होता, 2020 मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही, हे हिशेबात धरायलाच हवं. तोंडी परीक्षा वाईट, असंही मला म्हणायचं नाही. पण शाळेने दिलेल्या गुणांवर निकाल एवढा झुलत असेल, तर खरा प्रश्न मार्चमधल्या भरारी पथकाचा नसून वर्षभर वर्गात चालणाऱ्या परीक्षांचा आहे.

म्हणून वर्गात जाऊ. आठवीची वीस गुणांची घटक चाचणी. एका बाकावर दोघे, वर्गात साठ मुलं. बाई टेबलाशी दुसऱ्या तुकडीच्या वह्या तपासताहेत, कारण त्या आजच द्यायच्या आहेत. कंपासपेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने सूत्रं लिहिलेली. खोडरबर मागितला जातो आणि परत येताना त्याच्या कागदी वेष्टनात उत्तर असतं. पर्यायी प्रश्नांना तर कागदही लागत नाही: एक बोट म्हणजे अ, दोन बोटं म्हणजे ब. हे सगळं बाईंना ठाऊक असतं. त्या एकदा ‘मान खाली’ म्हणतात आणि पुन्हा वह्यांत डोकं घालतात.

आणि ती प्रश्नपत्रिका कुठून आलेली असते? पुष्कळ शाळांत ती विकतची असते. तोच संच दुसऱ्या शाळेत आदल्या दिवशी होऊन गेलेला असतो आणि संध्याकाळी क्लासच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला असतो. प्रश्न कसे, तर ‘व्याख्या लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’, ‘कारणे द्या’, आणि कारणंही गाइडात असतील तीच. ज्या प्रश्नाचं उत्तर दोन बोटं रुंदीच्या चिठ्ठीत मावतं, तो प्रश्नच चिठ्ठीला आमंत्रण देतो. मला आज एवढंच सांगायचं आहे की कॉपीला अडवण्याची पहिली जागा दारात नाही, प्रश्नपत्रिकेत आहे.

करता काय येईल? गणितात शेजारच्या रांगेला तीच उदाहरणं आकडे बदलून द्या. शेजाऱ्याचं उत्तर उतरवलं की चुकणारच. विज्ञानाला प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद उघडपणे आणू द्या. तो तयार करताना निम्मा अभ्यास होतो आणि परीक्षेत फक्त सूत्र वापरता येतं का, तेवढं बघायचं. भूगोलाला विचारा: आपल्या कोपर स्टेशनला खालचे आणि वरचे असे वेगवेगळे फलाट का आहेत? आकृती काढा. मुख्य मार्ग आणि त्यावरून जाणारा दिवा-वसई मार्ग मुलांनी रोज पाहिलेला असतो, पण याचं उत्तर कुठल्याही गाइडात नाही. आणि चाचणीनंतर रोज पाच मुलांना त्यांच्याच पेपरातलं एक उत्तर तोंडी समजावून सांगायला लावा.

पुस्तक उघडं ठेवलं की आपोआप सगळं सुधारतं, असं मात्र नाही. सीबीएसईने 2014 मध्ये नववी आणि अकरावीला असा प्रयोग केला आणि काही वर्षांत गुंडाळला. पुस्तक समोर असताना विचारायचे प्रश्न काढणं हे कसब आहे, आणि कसबाला वेळ लागतो. साठ मुलं, निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं यांतून शिक्षकाला तो वेळ मिळत नसेल, तर संस्थाचालकांनी तो काढून द्यायला हवा. सगळा पेपर जमत नसेल, तर वीसपैकी पाच गुणांचा एक प्रश्न तरी स्वतःचा काढा.

तरीही एखादा मुलगा सापडेलच. त्याला वर्गासमोर उभं करू नका. चिठ्ठी घ्या, पेपरावर वेळ टाका, नवा कागद द्या आणि लिहू द्या. गुण पुढच्या कागदाचेच मिळतील, हे तिथेच सांगा. नंतर एकट्याशी बोला आणि आधी विचारा की घरी काय ऐकायला मिळतं. केंद्र सरकारने 2024 मध्ये भरती आणि प्रवेशपरीक्षांसाठी जो कडक कायदा केला, त्यात तीन ते दहा वर्षांपर्यंतची कैद आहे, पण त्याचा रोखही पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आहे, परीक्षार्थींवर नाही. कायद्याला जे कळतं, ते वर्गातही कळायला हवं.

पालकांना एक विनंती करून थांबतो. जूनमध्ये शाळा सुरू होतील आणि पहिली पालकसभा होईल. त्या सभेत शंभर टक्क्यांबद्दल विचारू नका. एवढंच विचारा: यंदाची घटक चाचणीची प्रश्नपत्रिका आमच्या मुलांच्या शिक्षकांनी काढली आहे, की ती विकत आणली आहे? विकत आणली असेल, तर पुढची चाचणी कधी आणि ती कोण काढणार, हे त्याच सभेत ठरवून घ्या.