आजींच्या पावलाने



आज मी तुमच्यापुढे मोठी गोष्ट घेऊन आलेलो नाही. तांब्याभर पाण्याची गोष्ट आहे.

आमची वस्ती घाटकोपरच्या डोंगरउतारावर. आमच्या शेजारी एक आजी राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मागे एका उन्हाळ्यात त्यांना घेरी आली. डॉक्टरांनी विचारले, "आजी, दिवसातून पाणी किती पिता?" आजी म्हणाल्या, "सकाळी चहा घेते. मग दुपारी घोटभर पाणी." डॉक्टर रागावले. बाहेर आल्यावर आजी माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "अगं, पाणी प्यायलं की खाली जावं लागतं. संडास चाळीस पायऱ्या खाली. धरायला कठडा नाही, रात्री दिवा नाही. त्यापेक्षा तहान बरी."

औषध डॉक्टरांनी दिले, पण दुखणे पायऱ्यांत होते!

आपण सहज म्हणतो, म्हातारपण आले, आता घरात बसावे. पण बसायचे कुठे? एकच खोली. तिथेच सून स्वयंपाक करते, तिथेच पोरे अभ्यास करतात. बंगल्यातल्या माणसाला बाग असते. आपल्याला गल्ली हेच अंगण. गल्लीत पाय ठेवता येईना, तर आपल्या म्हाताऱ्या माणसांची कोंडी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या ३३ शहरांत वृद्धांनाच विचारले, की तुम्हांला काय हवे? त्यावर २००७ साली पुस्तक काढले. आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर ही शहरे त्यात होती. लोकांनी राजवाडा मागितला नाही. बसायला बाक, चालायला सपाट वाट, स्वच्छ संडास, आणि रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ मागितला.

या वेळेचा हिशेब जरा करून पाहा. सिग्नल लावताना, माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे पुष्कळ ठिकाणी धरतात. म्हातारे माणूस बहुधा ०.८ मीटर चालते. रस्ता २४ मीटर रुंद असला, तर धडधाकट माणसाला २० सेकंद पुरतात. आजींना ३० लागतात. म्हणजे शेवटचे दहा सेकंद आजी रस्त्यातच, आणि टॅक्सीवाला भोंगा वाजवतोय!

आम्ही काय केले ते सांगतो. कठड्यासाठी आणि दिव्यासाठी अर्ज लिहिला. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. आजींनीही केली, अंगठा नाही! पहिल्या खेपेला उत्तर मिळाले, "ती जागा आमच्याकडे येत नाही." जागा कोणाची हे शोधण्यातच पावसाळा गेला. चौथ्या खेपेला लोखंडी कठडा लागला. दिवा त्यानंतर आला.

मधल्या वळणावरचा ओटा मात्र आम्हीच बांधला. गुडघ्याएवढा उंच. फार खाली बसले की म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. खरे सांगायचे तर पहिला आठवडा तो ओटा पत्ते खेळणाऱ्यांनीच बळकावला. आजी एक दिवस काठी घेऊन तिथे उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पोरे उठली.

आता तुमच्या वस्तीचे. येत्या रविवारी सकाळी तुमच्यातल्या एखाद्या आजींना किंवा आजोबांना पुढे घालू. घरापासून संडासापर्यंत, तिथून बसथांब्यापर्यंत. त्यांच्या पावलाने आपण मागे चालू. घाई कोणी करायची नाही. ते जिथे थांबतील, जिथे भिंत धरतील, तिथे खडूने खूण करू. मग त्या खुणा कागदावर उतरवू आणि अर्ज लिहू.

खडू मी आणतो. सह्यांसाठी पेन तुम्ही आणा.