विमानात खिडकी कोणत्या बाजूची मागावी?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



काही उपयोगाचे बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. आपल्या जुन्नर-आंबेगावातून आता पुष्कळजणी विमानाने जातात. कोणी लेकीच्या बाळंतपणाला, कोणी यात्रेला. परत आल्यावर "काय पाहिलेत?" असे विचारावे, तर उत्तर येते, "पुढच्या खुर्चीची पाठ!" खिडकी नातवाला दिलेली असते, नाहीतर यजमानांना. म्हणून आज खिडकीविषयीच चार शब्द.

पहिली गोष्ट बाजूची. एस.टी.त ऊन कुठून येईल हे पाहून आपण बसतो. विमानातही तसेच करावे, फक्त नकाशा अगोदर पाहावा. पुण्याहून दिल्ली उत्तरेला, किंचित पूर्वेकडे आहे. तेव्हा जाताना सह्याद्री डाव्या हाताला आणि येताना उजव्या हाताला. सकाळी जाताना ऊन उजवीकडे असते, म्हणून डावीकडे डोळे दिपत नाहीत. तीन-तीन खुर्च्यांच्या विमानात 'ए' म्हणजे डावी खिडकी, 'एफ' म्हणजे उजवी.

दुसरी गोष्ट रांगेची. मधल्या रांगांतून पंखच तेवढा दिसतो. पंखाच्या लगेच मागे बसल्यास इंजिनाच्या गरम हवेने खालचे दृश्य थरथरते. पंखापुढची रांग उत्तम. ती न मिळाल्यास अगदी मागची. काही कंपन्या जागेचे वेगळे पैसे घेतात, ते आधी विचारून घ्यावे. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. तेथे छायाचित्रे काढू नयेत, आणि हवाईसुंदरीने पडदा ओढायला सांगितला तर ओढावा.

आता दिसते काय? विमान वाऱ्याला तोंड देऊन सुटते, त्यामुळे आधी एखादा वळसा होईल. मग थोड्याच वेळात आपला मुलूख येतो. वाट रोज थोडी इकडेतिकडे होते. पण हवा स्वच्छ असेल तर नारायणगावाजवळ खोडदच्या दुर्बिणी शोधाव्यात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत; १४ एकत्र आणि १६ तीन फाट्यांवर पसरलेल्या. रस्त्यावरून हा आराखडा कळत नाही. त्यापलीकडे येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचे पाणी चमकते. पुढे हरिश्चंद्रगड, आणि मग १,६४६ मीटर उंचीची कळसूबाई. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हे सर्व छान दिसते. वैशाखात सारे धुरकट असते.

डिंभ्याच्या पाण्यावर मात्र नजर जरा ठरवावी. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गाव त्या पाण्याखाली गेले. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगावात आहेत. कित्येकींचे माहेर, नदीचा घाट, चावडी, सारे तिथे आहे. आणि प्रकल्पाचे पाणी कालव्यांनी पार पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत जाते. म्हणून माझे सांगणे असे, की जाता-येता दोन्ही वेळा 'ए'च मागावी. जाताना डोंगर आणि धरणे दिसतील. येताना तीच डावी बाजू पूर्वेची होते आणि पारनेरकडची शिवारे दिसतात. कोणी काय दिले आणि कोणाला काय मिळाले, हे घरबसल्या ऐकणे निराळे, आणि एका प्रवासात डोळ्यांनी पाहणे निराळे.

हाच हिशेब दूरच्या प्रवासालाही लागू पडतो. दिल्लीहून बागडोगऱ्याला जाताना हिमालय उत्तरेला, म्हणजे डावीकडे असतो.

नातवाला खिडकी जरूर द्यावी, पण अर्ध्या वाटेपर्यंत. उरलेली अर्धी आपली. आणि त्याला आपला तालुका बोटाने दाखवायचा, तर तो आधी आपण ओळखला पाहिजे.