यादीत न मावलेल्या गोष्टी
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सभेत चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या तीन वर्षांत आमच्या घरात दोन कार्ये झाली, एक माझ्या मुलीचे आणि एक पुतण्याचे. त्यात काय चुकले हे सांगायला फार शिक्षण लागत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

मुलीच्या लग्नाला मी दोनशे पानी वही केली होती. शालू, दागिने, पत्रिका, कार्यालय, आचारी, यांतले काही सुटले नाही. मोठ्या गोष्टी सुटत नाहीतच, कारण त्यांची आठवण करून द्यायला दहाजण असतात. सुटतात त्या बारीक.

आता पाहा. लाजाहोमाच्या लाह्या आणल्या होत्या, पण नवरीच्या ओंजळीत त्या घालायला भाऊ हवा, तो कुठे होता? पाहुण्यांना आणायला एस. टी. स्टँडवर! भटजी थांबले, सगळे थांबले. म्हणून भावाला त्या दिवशी दुसरे काम सांगू नये. कानपिळीलाही तोच लागतो. अंतरपाट धरणारे दोघे आदल्या दिवशी ठरवावेत. अक्षता वाटायला दोन चलाख मुली नेमाव्यात, नाही तर मागच्या रांगेतली माणसे मंगलाष्टके संपेपर्यंत रिकाम्या हाताने उभी राहतात. सुई-दोरा, कात्री, सेफ्टी पिना, काडेपेटी आणि दक्षिणेसाठी सुटे पैसे एका पिशवीत घालावेत आणि ती पिशवी एकाच बाईच्या खांद्याला असावी. आमची पिशवी होती, पण ती कुलपाच्या खोलीत आणि किल्ली यजमानांच्या खिशात!

दुसरी गोष्ट पोटाची. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, पहिली पंगत बसायला दोन वाजले. माझ्या आईला मधुमेह आहे. तिला मांडवातच घेरी आली. ज्यांना वेळेवर खावे लागते अशा वडीलधाऱ्यांची पाने आधी वाढावीत, त्यात मानापमान आणू नये. आणि नवरीकडे पाहावे. नऊवारी नेसल्यावर न्हाणीघरात जायची पंचाईत, म्हणून ती पोर सकाळपासून पाणीसुद्धा पीत नाही. तिच्याजवळ एक समजूतदार बाई द्यावी. कार्यालय ठरवताना आपण खुर्च्या मोजतो, पण बायकांची न्हाणीघरे किती आणि म्हाताऱ्या माणसाला जिने किती चढावे लागतात, हे विचारीत नाही. तेही विचारावे.

तिसरी गोष्ट कागदांची. लग्न लागले म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. आपल्या राज्यात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहाची नोंदणी करावी लागते आणि ती ९० दिवसांच्या आत करावी. तीन साक्षीदार लागतात. वयाचे व पत्त्याचे पुरावे, पत्रिका आणि लग्नाचा फोटो जपून ठेवावा. दुसरे असे की, वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी लिहून ठेवावी, असा १९८५ सालचा नियमच आहे. वस्तू कोणती, अंदाजे किंमत काय, कोणी दिली, ते लिहायचे आणि त्याखाली दोघांनी सही करायची. आपण अहेराची वही ठेवतो ती परतफेडीसाठी. ही यादी मुलीसाठी असते. उद्या देव न करो, पण वेळ आली तर तिचे स्त्रीधन कोणते, हे तोंडी सांगत बसावे लागत नाही. वरपक्षाला राग येईल म्हणून मी ती केली नाही. खरे तर हसतमुखाने सांगितले असते तर कोणी रागावले नसते.

आता शेवटची गोष्ट. ती माझ्या दोनशे पानांत कुठेच नव्हती.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, दहा वर्षांपूर्वी विधवा झाल्या. मुलीच्या लग्नात कोठीघर त्यांच्याकडे होते. लाडू त्यांनी मोजले, रुखवताची सुपे त्यांनी रंगवली, रात्री दोनपर्यंत जागल्या त्या. महिन्याने फोटो आले. मुलगी माहेरी आली होती. पाने उलटता उलटता तिने विचारले, "आई, काकू कुठे आहे गं?" सगळा आल्बम पाहिला. एका फोटोत दाराआडून तुपाचा डबा पुढे करणारा हात दिसला. बांगडीवाचूनचा. तो अक्कांचा.

त्यांना येऊ नका असे कोणी म्हटले नव्हते. पण या असेही कोणी म्हटले नाही. मीही नाही. "त्या आपण होऊनच मागे राहतात," अशी मी मनाची समजूत घातली होती.

पुढच्या वर्षी अक्कांच्याच मुलाचे लग्न निघाले. हळदीच्या दिवशी पाच सवाष्णी पुढे झाल्या आणि अक्का कोठीकडे निघाल्या. मी हळदीची वाटी त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "नको गं, लोक अपशकुन म्हणतील." मी म्हटले, "अक्का, आईने मुलाला हळद लावायची, यात अपशकुन कसला?" एक म्हाताऱ्या बाई उठून बाहेर गेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त अक्कांसाठी पाट पुढे सरकवला. अक्कांचा हात थरथरत होता. पण पहिली हळद त्यांनीच लावली. बाहेर गेलेल्या बाईही जेवायच्या वेळी परत आल्या, आणि लग्न सुखरूप पार पडले.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या घरात असा ठराव करायला सभा लागत नाही. हळदीची वाटी कोणाच्या हातात द्यायची ते आपल्याच हातात असते.

तेव्हा भगिनींनो, वही जरूर करा. सुई-दोराही लिहा आणि सुटे पैसेही लिहा. पण पहिल्या पानावर घरातल्या माणसांची नावे लिहा, आणि त्यांतले कोण मांडवात आहे आणि कोण कोठीत, हे एकदा पाहून घ्या.