टाचेमागची दोरी

गेल्या लावणीत आमच्या गटातल्या एक ताई बांधावरून घसरल्या. "मागून लाथ कुणी मारली गं?" म्हणत त्यांनी वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. आम्ही सगळ्याच म्हणालो, लचकलंय. तेल लावून चोळलं, फडकं बांधलं. ताई तीन आठवडे पाय ओढत राहिल्या. मग दवाखान्यात कळलं, टाचेमागची दोरी तुटली होती.

ही दोरी पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडते. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. अंगातली सगळ्यांत जाड दोरी हीच. चढ चढताना, हंडा घेऊन चालताना तिच्यावर फार ताण येतो.

तिचं दुखणं दोन तऱ्हेचं. एक हळूहळू येणारं. सकाळची पहिली पावलं जड पडतात, टाचेच्या दोन-तीन बोटं वर दुखतं, जाड लागतं. मग थोडे दिवस ओझं आणि चढ कमी करायचा, पण खाटेवर पडून राहायचं नाही. दोन्ही चपलांत टाचेखाली कापडाची घट्ट घडी ठेवायची. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. एका वेळी १५, असं ३ वेळा, सकाळ-संध्याकाळ. थोडं दुखलं तर चालेल. वाढत गेलं तर डॉक्टरांना विचारा. गुण यायला १२ आठवडे लागतात, धीर सोडू नका.

दुसरं अचानक येणारं. 'कट्' आवाज होतो, लाथ बसल्यासारखं वाटतं, त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. पालथं झोपवून पोटरी दाबली, तरी पाऊल हलत नाही. अशा वेळी चोळू नका, ताणू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटं लावा, पाय टेकू न देता त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरांकडे न्या. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दोरी त्यात नीट दिसत नाही. लवकर गेलं तर पुष्कळदा प्लास्टरवर भागतं.

ताईंना मात्र ऑपरेशन करावं लागलं. गटातून कर्ज दिलं, त्यांच्या घरचं पाणी आम्ही पाळीपाळीनं भरलं. पण त्या दिवशी चोळणारे हात आमचेच होते. तुमच्या गटात असं होऊ नये, म्हणून हे बोललो.