नासिका व तिच्या आडच्या पोकळ्या

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदा आमच्याकडे व्याख्यानाचा विषय मागितला, तेव्हा आम्ही ‘नाक’ असे उत्तर दिले. ते हसले. कुळाचे नाक, नाक कापले जाणे, नाक मुठीत धरून येणे, यांवर आपल्या ज्ञातीच्या बैठकांतून आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. आम्हांस बोलावयाचे आहे ते चेहऱ्यावरील खऱ्याखुऱ्या नाकाविषयी, आणि त्याहीपेक्षा त्याच्या आड दडलेल्या पोकळ्यांविषयी. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, लातूर व नांदेड जिल्ह्यांतील शाळांतून शरीरशास्त्राचे धडे शिकवून निवृत्त झालेले शिक्षक आहोत. मग हाच विषय का निवडला, ते ओघाने येईल. मेजावर ठेवलेली ही प्लॅस्टिकची कवटी आम्ही एका शाळेतून उसनी आणली आहे. मुलांनी भिऊ नये.

बाहेर दिसते ते नाक म्हणजे वाड्याची केवळ ओसरी होय. वाडा आत आहे. मधोमध एक उभा पडदा असून त्याने या वाड्याचे दोन भाग केले आहेत. तो अगदी सरळ असलेला मनुष्य विरळाच. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वळणदार फळ्यांसारखी तीन तीन हाडे आहेत, त्यांस शुक्तिका म्हणतात. त्यांवरील ओलसर त्वचेत रक्त खेळत असते. वैशाखातील आपल्याकडचा कोरडा फुफाटा असो वा पौषातील पहाटेचा गारठा असो, फुप्फुसात जाण्यापूर्वी तो वारा येथेच ओला व शरीराच्या उष्णतेचा होतो. दोन्ही नाकपुड्या सारख्याच मोकळ्या नसतात. काही तासांच्या अंतराने एकीकडील शुक्तिका फुगते व दुसरीकडील ओसरते. आपले जुने लोक चंद्रस्वर व सूर्यस्वर म्हणत आले, त्यामागील अनुभव हाच असावा. डोळ्यांतील पाणीही एका बारीक नळीने याच वाड्यात उतरते. म्हणूनच लेक सासरी निघाली की आईला डोळ्यांबरोबर नाकही पुसावे लागते.

पडद्याच्या पुढच्या टोकाशी रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो तो बहुधा येथेच. तेव्हा मान मागे टाकून टाळूवर पाणी ओतण्याची आपल्याकडील रीत सदोष आहे, कारण रक्त घशात उतरते. मुलाला बसवावे, किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे सतत चिमटीत धरावा. मध्येच सोडून पाहू नये. आया नेमके तेच करितात.

आता मुख्य गोष्ट. या वाड्याभोवती हाडांच्या आत वाऱ्याने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांस नासाकोटरे म्हणतात. बोलण्यात आपण ‘सायनस’ म्हणतो आणि तो एक आजारच समजतो. वस्तुतः सायनस प्रत्येकाला असतात. एक जोडी कपाळाच्या हाडात. ती जन्मतः नसते, मूल वाढते तशी वाढते. दुसरी नाक व डोळा यांच्यामध्ये, मधाच्या पोळ्यासारखी अनेक लहान कप्प्यांची. तिसरी पार मागे, कवटीच्या तळाशी, जतुकास्थीत. जतुका म्हणजे वटवाघूळ, आणि ते हाड खरोखर पंख पसरल्यासारखे दिसते. चौथी, सर्वांत मोठी, गालांच्या आड. प्रौढ माणसाच्या गालातील एका कोटरात सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल.

या गालातील खोलीची रचना मोठी विलक्षण आहे. तिचे दार तळाशी नसून वर, आढ्याजवळ आहे! मनुष्य उभा असता आतील शेंबूड आपोआप बाहेर पडू शकत नाही. तो वर चढवून दाराबाहेर काढण्याचे काम त्वचेवरील सूक्ष्म केसांचे. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलत असतात. पडशाने दाराची त्वचा सुजली की दार बंद होते, आतील स्राव साचतो, आणि ओणवे झाले की गाल व कपाळ जड होऊन ठणकते. आणखी असे की, या खोलीच्या जमिनीखाली वरच्या दाढांची मुळे आहेत आणि तिचे छत म्हणजेच डोळ्याच्या खोबणीची जमीन होय. पोळ्यासारख्या कप्प्यांची डोळ्याकडील भिंत तर कागदासारखी पातळ आहे. एका भिंतीआड दात, दुसरीआड डोळा, तिसरीआड मेंदू, असा हा शेजार आहे.

हा शेजार आम्ही मुलांना फळ्यावर काढून दाखवीत आलो होतो. त्याचा अर्थ कळला तो २०२१ साली.

त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली, आणि तीतून उठलेल्या रुग्णांना म्यूकरमायकोसिस होऊ लागला. लोक त्यास काळी बुरशी म्हणू लागले. ही बुरशी नवी नव्हे. तिचे बीजकण मातीत, कुजक्या पाल्यात असतात आणि आपण ते नेहमीच हुंगतो. निरोगी शरीर त्यांस रुजू देत नाही. परंतु ज्यांची रक्तातील साखर फार वाढलेली आहे, त्यातच ज्यांना स्टेरॉइड दिलेले आहे, त्यांच्या नाकात व कोटरांत ती रुजते, रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजविते आणि तेथील मांस मरून काळे पडते. त्या जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता; नांदेड-लातूरकडील घरेही त्यातून सुटली नाहीत.

आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान त्यांपैकी एक. मधुमेह जुना. करोना सौम्य होता, प्राणवायूची गरजही पडली नव्हती. परंतु दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवरून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या त्यांनी घरीच घेतल्या. प्राणवायू कमी झालेल्यांना याच औषधाने वाचविले, हे खरे. पण ते रुग्णालयातील देखरेखीखाली. बरे झाल्यावर पंधरवड्याने बहिणीचा फोन आला, “दादा, ह्यांचा एकीकडचा गाल दुखतोय, बधिर झालाय म्हणतात, आणि वरची दाढ हलायलीय.” आम्ही शरीरशास्त्राचे शिक्षक! आम्ही म्हणालो, “दाजींना सांग, वाफारा घ्या, सर्दी साचली असेल. दाढेचं लॉकडाऊन उठल्यावर बघू.” पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पापणी मिटली ती उघडेना, आणि एकाचे दोन दिसू लागले.

पुढे शस्त्रक्रिया झाली. वरच्या जबड्याचा अर्धा भाग व तो डोळा काढावा लागला; अँफोटेरिसिनची इंजेक्शने मिळविण्यासाठी भाच्याने केलेली धावपळ आम्ही येथे सांगत बसत नाही. दाजी वाचले. टाळूला बसविलेली पट्टी लावल्याखेरीज त्यांना पाणी गिळता येत नाही, ते नाकातून बाहेर येते. आमच्या बहिणीने आम्हांस आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. गाल, दाढ व डोळा ही तीन दुखणी एकाच खोलीची आहेत, हे आम्हांला त्या फोनवर आठवले असते तर ते पाच दिवस वाचले असते.

म्हणून, ज्या घरी मधुमेह आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. एकाच बाजूचा गाल दुखणे, सुजणे वा बधिर होणे, नाकातून काळपट वा रक्ताळलेला स्राव, विनाकारण हलू लागलेली वरची दाढ, टाळूवर काळा डाग, दुहेरी दिसणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाफाऱ्यावर दिवस घालवू नये. त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठावे आणि साखर तपासावी. नांदेडास विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत तशी सोय आहे. साधे पडसे आठ-दहा दिवसांत जाते. त्यापुढे रेंगाळले, किंवा बरे वाटून पुन्हा उलटले, तरी दाखवावे. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे घालू नयेत, त्यांनीच नाक पुन्हा चोंदते. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून निवविलेलेच घ्यावे. आणि आमच्या वयाच्या मंडळींनी तपकिरीची डबी एकमेकांपुढे करणे आता पुरे करावे. आम्ही ती सहा वर्षांपूर्वी सोडली, अजून हात खिशाकडे जातो.

आमचा वेळ संपल्याची खूण चिटणीस करीत आहेत. ही कवटी मध्यंतरात येथेच राहील. गालाजवळ एक झाकण आहे, ते उघडले म्हणजे आतील खोली व तिचे ते आढ्याजवळचे दार दिसते. मुलांनी रांगेने यावे. दाजी स्वतः शेजारी बसून दाखविणार आहेत.