सूर्य सर्वांचा, उद्योग कोणाचा?



ज्या व्यासपीठावरून गुरुजनांचे स्मरण केले जाते तेथे नुसती माहितीची जंत्री मांडणे उचित ठरणार नाही. म्हणून सौरऊर्जेच्या उद्योगाचा इतिहास सांगताना मी एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालविण्याची विद्या मानवाला सुमारे दीडशे वर्षे अवगत आहे. मग तिचा उद्योग उभा राहण्यास इतका विलंब का लागला? आणि त्या विलंबापासून आपण काय शिकावे?

या इतिहासाचे एक प्रारंभीचे पान मुंबईचे आहे. विल्यम अ‍ॅडम्स हे तेथे सरकारी नोकरीत असलेले इंग्रज गृहस्थ. हिंदुस्थानात इंधनासाठी होणारी वृक्षतोड आणि कोळशाची टंचाई पाहून त्यांनी सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार रचना केली, आरशांचा प्रकाश बाष्पकावर एकवटला आणि त्या वाफेवर सुमारे अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालवून दाखविले. सूर्यावर अन्न शिजविण्याचे साधनही त्यांनी तयार केले. या प्रयोगांवरचा त्यांचा ग्रंथ १८७८ साली मुंबईतच प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑगस्टीन मूशो या फ्रेंच गणितशिक्षकाने सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून प्रेक्षकांना थक्क केले. परंतु फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झाला, तसे सरकारने मूशोचे साहाय्य थांबविले. अ‍ॅडम्स यांचे काम पुढे नेणारेही कोणी निघाले नाही. १९१३ मध्ये फ्रँक शूमन या अमेरिकी अभियंत्याने कैरोजवळच्या मादी येथे अन्वस्ताकार आरशांच्या लांब पन्हळी उभारून नाईलचे पाणी शेतांत चढविले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि युद्धानंतरचे युग खनिज तेलाचे ठरले. तिन्ही ठिकाणी यंत्र चालले होते. नव्हता तो त्याचा चिकाटीने पाठपुरावा करणारा आश्रयदाता.

दुसरी वाट प्रकाशापासून थेट वीज मिळविण्याची. १८३९ मध्ये एकोणीस वर्षांच्या एडमंड बेकरेल याला असे आढळले की, विद्रावात बुडविलेल्या धातूच्या पट्टीवर प्रकाश पडला असता विद्युत्प्रवाह निर्माण होतो. या शोधापासून उपयुक्त सौरघट तयार होण्यास तब्बल ११५ वर्षे लागली. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा घट सिद्ध केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे सहा टक्के ऊर्जेची त्यातून वीज होई. या संशोधनामागची निकड अगदी व्यावहारिक होती: उष्ण व दमट प्रदेशांत टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर निकामी होत असत.

घट सिद्ध झाला, पण त्याची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची होती. त्याला पहिला खरा ग्राहक मिळाला तो अंतराळात. मार्च १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावरील साधी बॅटरी काही आठवड्यांतच संपली. सौरघटांवर चालणारा प्रक्षेपक मात्र १९६४ पर्यंत संदेश पाठवीत राहिला. अंतराळात किमतीपेक्षा भरवसा महत्त्वाचा होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर समुद्रातील दीपबोया, तेलविहिरींचे मंच, डोंगरमाथ्यांवरची दूरसंचार केंद्रे, असे ग्राहक पुढे आले. जेथे वीजवाहिनी नेणे अधिक महाग, तेथे महागडा सौरघटही स्वस्त पडू लागला.

खरी कलाटणी मिळाली ती २००० साली. त्या वर्षी जर्मनीने असा कायदा केला की, छपरावर वा शेतात निर्माण झालेली सौरवीज जाळ्यात घेतली जाईल आणि तिला ठरावीक दर वीस वर्षे मिळेल. हा दर बाजारभावाहून पुष्कळ अधिक होता व त्याचा भार तेथील वीजग्राहकांनी सोसला. परंतु या निश्चितीमुळे कारखानदारांना मोठे कारखाने काढण्याचे धैर्य आले. ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या हाताखाली शिकलेल्या शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये चीनमधील वूशी येथे सनटेक कंपनी स्थापन केली. त्या कंपनीची मुख्य शाखा २०१३ मध्ये दिवाळखोरीत निघाली, तरी तेथे घडलेले कारागीर आणि आत्मसात झालेली विद्या चीनमध्येच राहिली. एकूण उत्पादन दुप्पट झाले की पॅनेलची किंमत साधारणतः एकपंचमांशाने उतरते, असा या उद्योगाचा अनुभव आहे. पहिल्या महाग घटांचे मोल ज्यांनी मोजले, त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी स्वस्ताई विकत घेतली, असेच म्हटले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. साहिबाबादची सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९७४ मध्ये स्थापन झाली आणि १९७७ मध्ये तिने देशातला पहिला सौरघट तयार केला. १९८२ मध्ये केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभागही काढला. विद्या होती, कारखाना होता, खातेही होते. परंतु वर्षानुवर्षे खात्रीने माल उचलणारी मोठी मागणी नव्हती. ती निर्माण होण्यास २०१० चे राष्ट्रीय सौर अभियान यावे लागले.

या कथेत आपल्या गुजरातला, किंबहुना आपल्या नगरालाही स्थान आहे. गुजरातच्या २००९ च्या सौरधोरणाखालील प्रकल्पांना पुढे पहिल्या बारा वर्षांसाठी युनिटला १५ रुपये दर ठरला. त्यानंतर दर लिलावाने ठरू लागले. शेजारच्या मध्य प्रदेशातील रेवा प्रकल्पात २०१७ मध्ये पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे ठरला. त्यास पॅनेलच्या घटलेल्या किमतीइतकीच जमिनीची, वीजवाहिन्यांची आणि वेळेवर पैसे मिळण्याची हमीही कारणीभूत होती. डिसेंबर २०२० मध्ये गुजरात ऊर्जा विकास निगमाच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांची बोली आली. या निगमाचे मुख्यालय याच बडोद्यात आहे. आपल्या नगराजवळच नर्मदेच्या शाखा-कालव्यावर उभारलेला १० मेगावॉटचा प्रकल्प जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला. कालव्यावरच पॅनेल बसविल्याने वेगळी जमीन अडत नाही आणि सावलीमुळे पाण्याचे बाष्पीभवनही घटते. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौरक्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

ही प्रगती अभिमानास्पद आहे, यात संशय नाही. तथापि अभिमानाच्या भरात एक उणीव नजरेआड होऊ नये. पॅनेल जोडणारे कारखाने आपल्याकडे झपाट्याने वाढले आहेत. पण शुद्ध सिलिकॉन आणि त्याच्या पातळ चकत्या यांसाठी आपण आजही बहुतांशी चीनवर अवलंबून आहोत. तेल परदेशातून येते याची खंत बाळगणाऱ्या देशाने सूर्यप्रकाश टिपणारे साधनही परदेशातूनच आणावे, हे शोभणारे नाही. येथे आयातकरही अपुरा पडेल. विद्या अंगी मुरण्यासाठी प्रयोगशाळा, कारखाना आणि खात्रीची मागणी या तिघांची सांगड दीर्घकाळ टिकावी लागते. १९७७ नंतर आपल्याकडे नेमकी तीच तुटली.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या शाळेने पिढ्यान्पिढ्या आपली भाषा परप्रांतात जतन केली, तिला चिकाटीचे मोल मी वेगळे सांगण्याची गरज नाही. तुमच्यापैकी कोणी सिलिकॉन शुद्ध करण्याच्या रसायनशास्त्राकडे वळेल, कोणी जुन्या पॅनेलमधील काच व चांदी परत मिळविण्याच्या उद्योगात पडेल, कोणी छपरावर पॅनेल बसविणारा उत्तम तंत्रज्ञ होईल. यांतले कोणतेही काम कमी प्रतीचे नाही. मुंबईतील अ‍ॅडम्स यांच्या आरशांना वारस मिळाला नाही; आपल्या देशात आज जे उभे राहत आहे त्याला तो मिळावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.