बर्फ उडवायचं यंत्र आणि फ्यूजची तार

(स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



मला 'अमेरिकेतलं जीवन' हा विषय दिला होता. तो दहा मिनिटांत मावणार नाही, म्हणून त्यातल्या एका यंत्रावरच बोलते: स्नो ब्लोअर. आपल्यापैकी कितीतरी जणांची भावंडं, आणि आता मुलंही, थंड मुलखात आहेत. "गॅसवर चालतं" असं मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आपला सिलिंडर आला. तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात.

आम्ही बफेलोला राहतो. ईरी सरोवरावरून वारा सुटला की आपल्याकडे जुलैत पाऊस कोसळतो तसा तिथे बर्फ कोसळतो. डिसेंबर २०२२ च्या वादळात विमानतळावर चार फुटांहून जास्त बर्फ पडला, रुग्णवाहिकासुद्धा रुतल्या. बर्फ उपसताना हृदय बंद पडून माणसं गेली. तेव्हा यंत्र ही तिथे चैन नाही.

यंत्र तसं सोपं. पुढे मळसूत्रासारखी पाती बर्फ गोळा करतात, मागचं पंख्यासारखं चाक तो नळकांड्यातून लांब फेकतं. पाती फिरवायची मूठ सोडली की पाती थांबतात. या पात्यांना दांड्याशी धरून ठेवणारा एक मऊ धातूचा बोल्ट असतो, शिअर पिन. दगड अडकला की तो मुद्दाम तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. म्हणजे आपल्या घरची फ्यूजची तार! ती सारखी जाते म्हणून जाड तार बसवणारे काका प्रत्येक चाळीत होते. तिकडेही आहेत. ते दुकानातला कडक बोल्ट बसवतात आणि मग गिअरबॉक्सचं बिल भरतात. एमआयडीसीत काम केलेल्यांना हे सांगायला नको. चार जादा पिना खिशात ठेवाव्यात.

पेट्रोलचं म्हणाल तर उन्हाळाभर टाकीत पडून राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावाही ओढतं. हिवाळा संपला की टाकी रिकामी करायची आणि उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. महिनोन् महिने उभ्या असलेल्या स्कूटरवाल्यांनीही हे ऐकून ठेवा. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार असताना आणि उघड्यावर. सुरूही बाहेरच करायचं. गॅरेजचं दार उघडं आहे, दोन मिनिटांचं तर काम, असं म्हणू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लोडशेडिंगच्या काळात अर्धं शटर ओढून दुकानात जनरेटर लावायचे, तोच धोका.

आता ज्याच्यासाठी उभी राहिले ते. ओला बर्फ नळकांड्यात घट्ट बसतो आणि यंत्र तुंबतं. थंडीने जीव कासावीस झालेला, काम पाच मिनिटांचं उरलेलं. माणूस हात घालतो. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सुताराने इंजिन बंद करून हात घातला होता. जन्मभर करवतीवर काम करून दहाही बोटं शाबूत ठेवलेला माणूस. तुंबलेल्या पात्यांत आणि पट्ट्यात ताण अडकून राहतो, बर्फ सैल होताच चाक अर्धा फेरा मारतं. तेवढा पुरतो. दोन बोटांची पेरं गेली. जाड हातमोज्याचा काही उपयोग झाला नाही. अमेरिकेत दर हिवाळ्यात अशा जखमा घेऊन लोक इस्पितळात येतात.

इंजिन बंद, किल्ली बाहेर, प्लगची वायर काढलेली, सगळं थांबेपर्यंत थोडा वेळ जाऊ द्यायचा. मग काठीने बर्फ काढायचा. ही काठी बहुतेक नव्या यंत्रांबरोबर येते, यंत्रावरच अडकवलेली असते, आणि पहिल्याच वर्षी गॅरेजच्या कोपऱ्यात हरवते.

तुमचं कुणी तिकडे असेल तर या आठवड्याच्या फोनवर जेवणखाण विचारून झालं की एवढं विचारा: ती काठी कुठे आहे?